निसर्गाची वही : काचेच्या पेटीतला पावसाळा

मुलांनो, या सदरासाठी तुमची पुष्कळ पत्रं येतात. कुणी फुलपाखराचं चित्र पाठवतं, कुणी वाळलेलं पान चिकटवून 'हे कुठलं झाड?' असं विचारतं. पण मागे डिसेंबरात एक पत्र आलं, आणि ते वाचून मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. पत्र पुण्यातल्याच एका सातवीतल्या मुलाचं होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, तसं मी त्याला कबूल केलंय. पत्रातला मजकूर मात्र त्याच्या परवानगीनं सांगतो.

त्यानं लिहिलं होतं : 'आमच्या सोसायटीच्या बागेत मला आणि दादाला एक छोटा साप सापडला. तो बिनविषारी कवड्या आहे, मी पुस्तकात चित्र बघितलंय. आम्ही त्याला जुन्या फिश टँकमध्ये ठेवलाय. टँक गच्चीच्या जिन्याखाली लपवलाय. आईबाबांना माहीत नाही. थंडी वाजू नये म्हणून दादानं वर टेबललँप लावलाय. पण बारा दिवसांपूर्वी त्याचे डोळे निळसर-पांढरे झाले. मग कातडीचे तुकडे तुकडे निघाले. डोळे अजून नीट झाले नाहीत. मला वाटलं, हवा कोरडी असेल, म्हणून मी रोज खूप पाणी मारतो आणि वरून प्लॅस्टिक लावून बंद करतो. आता त्याच्या पोटावर बारीक फोड आलेत. तो पालही खात नाही. तो आंधळा झाला का? मी काय करू?'

एवढंसं पत्र, पण त्यात पाच-सहा चुका होत्या आणि एक फार चांगली गोष्टही होती. चांगली गोष्ट अशी, की साप आजारी आहे हे त्याला दिसलं, आणि ते लपवून न ठेवता त्यानं विचारलं. चुका कुठल्या, त्या आज आपण एकेक करून बघू. त्या बघता बघता पाण्याची वाफ, वारूळ, माठ, नागपंचमी आणि आपलं सिमला ऑफिस एवढ्या सगळ्यांची भेट होणार आहे.

आधी साप आणि काच यांची एक जुनी पुणेरी गोष्ट. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे या तरुणानं काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास काढले. सापाला डिवचलं नाही तर तो आपणहून अंगावर येत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्या विक्रमाची बातमी जगभर झाली. (हे करून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको!) पुढे खैरे यांच्या पुढाकारानं १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. नंतर पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालयही कात्रजला गेलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीत तिथे काचेला नाक लावून नाग, घोणस, अजगर पाहिले असतील.

पण तेव्हा तुम्ही साप पाहिलात. काचेआडची हवा पाहिलीत का? 'हवा कशी दिसेल?' असं म्हणाल. दिसत नाही, पण मोजता येते. आणि काचेआडच्या सापाचं आरोग्य बरंचसं त्या हवेवर अवलंबून असतं.

आता त्या निळसर डोळ्यांकडे वळू. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर कातडीचाच एक पारदर्शक थर असतो, घड्याळाच्या काचेसारखा. साप वाढला की वरचं जुनं कातडं टाकून देतो, त्यालाच आपण कात टाकणं म्हणतो. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये द्रव साठतो. त्यामुळे अंगाचे रंग मळकट दिसतात आणि डोळे दुधाळ होतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग साप खरखरीत दगडावर, फांदीवर ओठाची कड घासतो. तिथे कात सुटते आणि साप तिच्यातून पुढे सरकत जातो. आपण घाईत मोजा काढताना तो उलटा होतो ना? तशीच ही कातही उलटी होऊन अखंड निघते. तिच्यात डोळ्यांवरच्या दोन टिकल्याही दिसतात. कात ताणली जाते, म्हणून ती सापापेक्षा लांब भरते. परसात लांबच लांब कात सापडली की 'एवढा मोठा साप!' म्हणून घाबरणाऱ्या आजीला हे जरूर सांगा.

म्हणजे आपल्या पत्रलेखकाचा साप आंधळा झाला नव्हता. तो कात टाकायच्या तयारीत होता. या दिवसांत सापाला धड दिसत नाही, तो चिडचिडा होतो, आणि बहुतेक साप खातही नाहीत. त्याला हवा असतो एक काळोखा, शांत, दमट कोपरा. दोन थर एकमेकांपासून सुटायला ओलावा लागतो. हवा फार कोरडी असली तर जुना थर सुकतो, चिकटून बसतो आणि कागदाच्या कपट्यांसारखा तुकड्यातुकड्यानं निघतो. कधी डोळ्यावरची जुनी काच तशीच राहते. कधी शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचं कडं राहतं. ते आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि शेपटीचं टोक मरतं.

पण डिसेंबरात पुण्याची हवा इतकी कोरडी होती का? इथे तो टेबललँप कामाला आला, म्हणजे खरं तर नडला! जरा आकडेमोड करू. घाबरू नका, पाचवीतल्या शेकडेवारीएवढीच आहे.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी डोळ्यांसमोर आणा. तापमान २० अंश सेल्सिअस असेल तर त्या हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. ३० अंशाला मावते ३० ग्रॅम. जितकी हवा गरम तितकी तिची पिशवी मोठी, असं समजा. आता समजा जिन्याखालची हवा २० अंशाला होती आणि पिशवी ६० टक्के भरलेली होती. म्हणजे वाफ झाली सुमारे १० ग्रॅम. दादानं लँप लावला आणि टँकमधली हवा ३० अंशांवर नेली. वाफ तेवढीच, १० ग्रॅम. पण पिशवी झाली ३० ग्रॅमची. म्हणजे ती एक तृतीयांशच भरलेली, साधारण ३३ टक्के! पाण्याचा एक थेंबही कमी न होता हवा कोरडी झाली. पिशवी किती टक्के भरली आहे, या आकड्यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात. बातम्यांमध्ये 'हवेतील आर्द्रता अमुक टक्के' असं सांगतात ती हीच.

तर पहिली चूक ही : नुसती उष्णता दिली, ओलाव्याचा विचार केला नाही.

मग दुसरी चूक. कोरडेपणा लक्षात आल्यावर आपल्या मित्रानं पाणी मारून मारून तळ चिखल केला आणि वरून प्लॅस्टिक लावलं. एक टोक सोडून दुसरं टोक गाठलं. सतत ओल्या, कोंदट जागेत साप पडून राहिला की पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात आणि त्यात जंतू शिरतात. बुरशी वाढते. हवा खेळली नाही की फुप्फुसांचे आजार होतात. मग साप तोंड उघडून श्वास घेतो, तोंडातून बुडबुडे येतात. पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात राहिले तर बोटांमध्ये काय होतं, आठवा. सापाला तर अख्ख्या अंगानं त्या ओल्या मोज्यात राहावं लागत होतं.

म्हणजे सापाला हवा असतो दमटपणा, चिखल नव्हे. तळ कोरडा, हवा बेताची दमट, एक कोपरा जास्त ओला आणि वारा खेळता. हे साधायचं कसं?

एक गंमत बघा. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टँकमधली सगळी हवा ३० अंशाला वाफेनं पूर्ण भरायला पाणी किती लागेल? गणित करा. जेमतेम दीड ग्रॅम! चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मग पाण्याची वाटी दोन दिवसांत रिकामी का होते? कारण झाकणाच्या जाळीतून दमट हवा सारखी बाहेर जाते आणि बाहेरची कोरडी हवा आत येते. म्हणून जाणकार लोक पाणी मारत बसण्याआधी झाकणाकडे बघतात. जाळीचा थोडा भाग झाकायचा, सगळा नाही. पाण्याचं भांडं पसरट घ्यायचं, कारण पृष्ठभाग मोठा तर वाफ जास्त. ते उबेच्या बाजूला सरकवलं तर वाफ आणखी वाढते. तळाला नारळाच्या काथ्याच्या भुशाचा जाड थर द्यायचा. तो खाली ओल धरून ठेवतो आणि वरून कोरडा राहतो. आणि कोपऱ्यात एक झाकणाचा डबा ठेवायचा, सापाला शिरता येईल एवढं भोक पाडलेला, आत ओलं करून पिळलेलं शेवाळ. कात टाकायची वेळ आली की साप आपणहून त्या डब्यात जाऊन बसतो. नुसतं पाणी मारलं तर आकडा झर्रकन वर जातो आणि तासाभरात झर्रकन खाली येतो.

आता सांगा, असा डबा रानात कोण ठेवतं? वाळवी ठेवते! 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण तुम्हाला पाठ आहे. आळशी माणसाला ती लावतात. पण नागोबा आळशी नाही, हुशार आहे. वारुळात आणि उंदराच्या बिळात दुपारी बाहेर रणरणतं ऊन असलं तरी थंडावा असतो, रात्री ऊब असते, आणि हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. चैत्र-वैशाखात माळावर सगळं करपलेलं असताना साप जगतो तो या आयत्या बिळामुळे. साप स्वतः वारूळ बांधत नाही, त्याला ते जमणारच नाही. पण कुठलं घर भाड्यानं घ्यावं, हे त्याला बरोबर कळतं. आणि भाड्यात तो शेतातले उंदीर फस्त करतो!

सगळ्या सापांना सारखीच हवा लागते असंही नाही. मांडूळ भुसभुशीत कोरड्या मातीत राहतं. फुरसं कोरड्या खडकाळ माळावर दगडांखाली बसतं. दिवड तळ्याकाठी, ओढ्याकाठी राहते. हिरवा चापडा सह्याद्रीच्या ओल्याचिंब रानातल्या झुडपांवर असतो. आता कल्पना करा, फुरसं आणि चापडा एकाच इमारतीत शेजारशेजारच्या काचांआड ठेवायचे आहेत. एका काचेआड माळ हवा, दुसऱ्या काचेआड आषाढ. मधे फक्त एक भिंत. म्हणून सर्पोद्यानात काम करणाऱ्या माणसांना नुसता साप पकडता येऊन भागत नाही, त्यांना हवा सांभाळता यावी लागते. परदेशात ज्या देशांत कायद्यानं परवानगी आहे तिथे काही मराठी घरांतली मुलंही अमेरिकेतला कॉर्न स्नेक पाळतात. त्याच्या पेटीत साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता राखतात. आफ्रिकेतल्या छोट्या बॉल पायथन अजगराला त्याहून थोडी जास्त लागते.

आता आपल्या शहराकडे बघू. पुण्याच्या हवेला दोन तोंडं आहेत. एप्रिलमधल्या दुपारी ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, पापड अर्ध्या दिवसात खडखडीत वाळतात आणि माठातलं पाणी गारेगार होतं. जुलैत मीठ ओलं होतं, पापड चिवट होतो, दार चौकटीत अडकतं, शाळेचा गणवेश दोन दिवस वाळत नाही, आणि माठातलं पाणी गार होता होत नाही. घरातल्या या वस्तू म्हणजे आर्द्रता मोजायची बिनपैशांची यंत्रंच आहेत!

माठाचंच बघा. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती होताना माठातली उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होतं. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते. हवा दमट असेल तर वाफेला जागाच नसते. हीच युक्ती हवामानशास्त्रज्ञ वापरतात. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस तुम्हाला माहीत आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण इमारतीला 'सिमला ऑफिस' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. हवामान केंद्रात पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एकाच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळलेलं, दुसरा कोरडा. ओला तापमापक म्हणजे चिमुकला माठच! दोघांच्या आकड्यांत फरक जास्त तर हवा कोरडी, फरक कमी तर हवा दमट.

पुण्याच्या उंचीवर हे आकडे साधारण असे येतात. कोरडा ३८ अंश आणि ओला २१ अंश दाखवत असेल तर आर्द्रता सुमारे २० टक्के, म्हणजे एप्रिलची दुपार. कोरडा ३० आणि ओला २० असेल तर सुमारे ४० टक्के. कोरडा २६ आणि ओला २४ असेल तर सुमारे ८५ टक्के, म्हणजे श्रावणातली संध्याकाळ.

श्रावणावरून आठवलं. नागपंचमीला नाग दूध पितो, असं तुम्ही ऐकलं असेल. काहींनी पाहिलंही असेल. पण साप काही दूध पिणारा प्राणी नाही, ते त्याला पचत नाही. मग तो का प्यायचा? सणाआधी कित्येक दिवस त्याला पाण्याविना टोपलीत किंवा मडक्यात कोंडून ठेवलेलं असायचं. त्याचं अंग आतून सुकलेलं असायचं. अशा तहानलेल्या जिवापुढे जी पातळ वस्तू येईल तिला तो तोंड लावतो. लोकांना वाटायचं, नागोबा प्रसन्न झाला. खरं तर तो पाण्यासाठी तळमळत असायचा. आणि नंतर पुष्कळदा आजारी पडून मरायचा. हवेतला ओलावा आणि वाटीतलं पाणी, दोन्ही काढून घेतलं की सापाचं काय होतं, याचं हे सगळ्यात दुःखद उदाहरण आहे. नागाची पूजा करायचीच असेल तर पाटावर गंधानं नाग काढून करतात, तीच चांगली.

आता आपल्या पत्राकडे परत जाऊ. मी त्या मुलाला त्याच दिवशी उत्तर पाठवलं. त्यात हवेबद्दल एक अक्षर नव्हतं. दोनच वाक्यं होती : 'आज, आत्ता आईला सांग. आणि दोघं मिळून वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा, तोवर पेटीत हात घालू नकोस.'

हवेबद्दल का नाही लिहिलं? कारण सगळ्यात मोठी चूक हवेची नव्हतीच. कवड्या आणि मण्यार हे दोन साप दिसायला इतके सारखे असतात, की मोठी माणसंही फसतात. दोघेही गडद रंगाचे, अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघेही रात्री हिंडणारे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण जिन्याखालच्या अंधारात, अर्धवट कात निघालेल्या, मळकट दिसणाऱ्या सापाचे पट्टे कोण कसे वाचणार? मण्यार ही आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांपैकी एक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे ते चौघं. मण्यारीचा दंश बऱ्याचदा फारसा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस झोपून जातो आणि काही तासांनी श्वास घेणं अवघड होतं. कुठल्याही सापाचा दंश झाला तर गंडेदोरे नाहीत, मांत्रिक नाही, जखम कापणं-चोखणं नाही. हालचाल कमीत कमी ठेवायची आणि थेट दवाखाना गाठायचा, जिथे सर्पदंशावरची लस मिळते.

आणि दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडच्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे. त्यांना पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो विषारी असो की बिनविषारी, पेटी कितीही छान असो. मांडुळाच्या अंधश्रद्धेपायी त्याची चोरटी विक्री करणाऱ्यांना पोलीस पकडतात, त्या बातम्या तुम्ही वाचता. 'आम्ही विकत नव्हतो, प्रेमानं पाळत होतो,' हे कायद्यापुढे चालत नाही. आणि खरं सांगू? सापापुढेही चालत नाही. सापाला आपलं प्रेम कळत नाही. त्याला कळतं ते बीळ, ऊब, ओल आणि काळोख.

पुढे काय झालं, ते त्या मुलानंच कळवलं. आईला सांगायला त्याला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. शेवटी भावानं आणि त्यानं मिळून सांगितलं. आई आधी खूप घाबरली, मग खूप रागावली, आणि मग तिनंच फोन लावला. सर्पमित्र आले. त्यांनी लांब आकडीनं साप अलगद उचलला, विजेरीच्या उजेडात निरखला आणि म्हणाले, 'कवड्याच आहे. पण तू तो ओळखला नव्हतास, तुझा अंदाज बरोबर निघाला, इतकंच.' ते वाक्य मुलानं पत्रात अधोरेखित करून लिहिलं होतं.

साप उपचारासाठी गेला. डोळ्यांवरच्या जुन्या काचा कुणी नखानं किंवा चिमट्यानं सोलल्या नाहीत, कारण तसं केलं तर खालचा डोळाच कायमचा जातो. त्याला कोरडा तळ, एका बाजूला दमट डबा आणि स्वच्छ पाणी दिलं. पोटावरचे फोड हळूहळू सुकले. पुढच्या कातीच्या वेळी दोन्ही जुन्या काचा कातीबरोबर निघून आल्या. मग त्याला सोडून दिलं. दोघा भावांना घरी मात्र महिनाभर क्रिकेट बंद होतं, हेही त्यानं लिहिलं होतं.

आणि तो टँक? तो आता अभ्यासाच्या टेबलावर आहे, साप नसलेला. तुम्हीही तसा करू शकता. हाच या आठवड्याचा प्रयोग.

साहित्य : जुना फिश टँक किंवा मोठी काचेची बरणी, काथ्याचा भुसा, पसरट वाटी, आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकड्यांचा आर्द्रतामापक दुकानात मिळतो. नसेल तर लाल द्रवाचे दोन साधे तापमापक आणि मलमलीची चिंधी घ्या.

आधी आर्द्रतामापक खरं बोलतो का, ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि आर्द्रतामापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी ठेवा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा, कारण ओलं मीठ बंद हवेत नेमकी तेवढीच आर्द्रता राखतं. तुमचा मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी सांगतोय. हे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या आकड्यांत पाच मिळवत जा.

आता टँकमध्ये भुशाचा तीन बोटं जाड थर द्या, वाटीत पाणी भरा, मापक मधोमध ठेवा. पहिले दोन दिवस टँक उघडा ठेवा. पुढचे दोन दिवस वरचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका. मग दोन दिवस तीन चतुर्थांश झाका. शेवटच्या दिवशी मोठ्यांच्या देखत टेबललँप दोन तास टँकजवळ ठेवा, पण पुठ्ठ्यापासून आणि प्लॅस्टिकपासून लांब. रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता तापमान आणि आर्द्रता लिहा. शेजारी बाहेरच्या हवेचा आकडाही लिहा. लँप लावल्यावर काय होतं, ते आधी ओळखून लिहा आणि मग बघा. एखाद्या दिवशी काचेवर आतून पाणी साठलं, तर समजा, इथे साप असता तर त्याच्या पोटावर फोड आले असते.

पालकांसाठी दोन शब्द. मूल घरात किडा, बेडूक, साप घेऊन आलं तर भीती वाटणं साहजिक आहे. पण पहिलं वाक्य ओरडण्याचं असेल, तर पुढचा प्राणी जिन्याखाली जाईल. त्याला एवढं एकच पक्कं ठाऊक असू द्या : काहीही झालं तरी घरी सांगायचं, ओरडा नंतर खायचा.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी कात्रजला गेलात, तर नुसतं 'केवढा मोठा अजगर!' म्हणून पुढे पळू नका. प्रत्येक काचेशी जरा थांबा. पाण्याचं भांडं कुठे आहे? लपायची जागा आहे का? कुठल्या सापाचे डोळे दुधाळ दिसतायत? कोपऱ्यात कात पडली असेल तर ती अखंड आहे की तुकड्यांची? आणि काचेवर टकटक करू नका. तो आतल्याचं घर आहे.

तुमच्या सात दिवसांच्या नोंदी पाठवा. कोकणातल्या, विदर्भातल्या वाचकांनी तर जरूर पाठवा. रत्नागिरीचा टँक आणि नागपूरचा टँक शेजारी शेजारी मांडून बघायला मजा येईल. पुढच्या आठवड्यात भेटू, तेव्हा पाल छताला उलटी कशी चिकटते ते बघू. तोवर वही कोरडी ठेवा!